इथं विकायला काही नाही

प्रमिलामावशीला जाऊन वर्ष होत आलं, तरी रोज सकाळी साडेनऊला ती माझ्या खिडकीखालून टमाटे विकत जाते. "ताजे टमाटे घ्या, कवळी भेंडी घ्या, भाव एकच, घासाघीस नाही!" गज्जू भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा भोंगा तिच्या आवाजात ओरडत जातो. अर्ध्या तासानं तीच बाई जुनी भांडी मागायला येते, आणि दुपारी डोळे तपासणीचं शिबिर घेऊन. अमरावतीतल्या राजापेठेत सगळ्यांच्या कानात तिचा आवाज आहे. तिचा चेहरा मात्र फार थोड्यांना ठाऊक होता.

चांदूर बाजारला ती अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत होती. तीस पोरांना एका हाकेत खाली बसवणारा आवाज तिनं तिथं कमावला. नोकरी संपवून अमरावतीला आली आणि एके दिवशी रस्त्याच्या पलीकडून तिनं "ए ऑटो, थांब!" अशी हाक दिली. तीन ऑटो थांबले. एक स्कूलव्हॅन थांबली. हेल्मेट न घातलेला एक पोरगा उगाचच थांबला आणि लायसन्स काढू लागला. तिसऱ्या ऑटोतून अस्लमभाई उतरले. त्यांचा ऑटो जाहिरातीचा होता, वर दोन भोंगे. म्हणाले, "मावशी, बैठना बाद में. पहले ये बताओ, भोंग्यात बोलता का?"

अशी ती भोंग्यात गेली.

रेकॉर्डिंग घरच्या लोखंडी आलमारीत व्हायचं. दोन्ही दारं उघडी, दारांवर गोधड्या, समोर स्टूल. मावशी स्टुलावर बसून कमरेपासून वर आलमारीत शिरायची, लटकलेल्या साड्यांमध्ये, हातात अस्लमभाईंचा मोबाइल. "आलमारीत आवाज फिरत नाही, जागच्या जागी बसते," असं तिचं शास्त्र होतं. आतून दारावर बोटानं एक टक् म्हणजे 'पुन्हा घ्या'. दोन टक् टक् म्हणजे 'झालं'. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, एक बाई आलमारीला काहीतरी समजावून सांगते आहे आणि आलमारी काही ऐकत नाही.

तिचा सगळ्यात मोठा पराभव मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा ती गज्जूकडे टमाट्याचा भाव करत होती. "तीस? वीस लाव." गज्जूनं फक्त भोंग्याकडे बोट केलं. भोंगा म्हणाला, "भाव एकच, घासाघीस नाही!"

"पंचवीस तरी?"

"घासाघीस नाही!" भोंगा.

"बंद कर त्या बाईले!" मावशी ओरडली.

गज्जू हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमीच सांगतलं होतं ना, कोणी कितीबी बोललं तरी बंद करू नोको म्हणून!"

मावशीनं तीस दिले. जाताना भोंग्याकडे रागानं पाहत म्हणाली, "लय आगाऊ बाई हाय."

*

आता वाचनालयाचं सांगतो, कारण मावशीकडे मी गेलो तो त्याच्यापायी.

मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील कामगार संघटनेचे. आमच्याकडे डब्यांखाली पत्रकं, वह्यांना कव्हर पत्रकांचं, खिडकीची फुटकी काच पत्रकानं बुजवलेली. बाकीची मुलं 'कमळ' वाचून अक्षर शिकली, मी 'निषेध' वाचून. त्यामुळे राजापेठेतल्या आमच्या जुन्या वाचनालयाच्या विश्वस्तांनी फळ्यावर सूचना लावली तेव्हा मी पेटलो. सूचना साधी होती: येत्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत शंभर सभासद झाले नाहीत तर हॉल एका ट्यूशन क्लासला देण्यात येईल. पुढेही दरवर्षी शंभराची अट राहील. सभासद होते एक्केचाळीस. त्यातले काही मयत होते, पण नाव काढायला कोणी आलं नव्हतं.

राजापेठेत ट्यूशन क्लासांना तोटा नाही. प्रत्येक खांबावर टाय लावलेल्या मुलांचे फोटो आणि खाली टक्के. वाचनालय मात्र एकच. तिथं टक्के कोणी विचारत नाही, पंख्याखाली बसून कुणालाही काहीही वाचता येतं. माझं सगळं शिक्षण तिथं झालं. कॉलेजात फक्त हजेरी झाली.

मी एक पत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी, बारीक टायपात. हजार प्रती छापल्या आणि चौकात उभं राहून वाटल्या. एकही सभासद वाढला नाही. तिसऱ्या दिवशी मी कचोरी घेतली तर ती माझ्याच पत्रकात गुंडाळून मिळाली. 'ज्ञानाच्या सार्वजनिक अवकाशावर' या शब्दांवर तेल उतरलं होतं. कचोरीवाला म्हणाला, "कागद चांगला हाय भाऊ, जाड हाय. अजून असन तं आणजो."

तेव्हा अस्लमभाईंनी मला मावशीकडे नेलं. रविवारला चार दिवस उरले होते.

मावशी भाकरी थापत होती. मी पत्रक पुढे केलं. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचू लागली. "ज्ञानाच्या सार्वजनिक अवकाशावर बाजारू शिक्षणव्यवस्थेनं चालवलेल्या संघटित आक्रमणाचा प्रतिकार करण्यासाठी इथल्या प्रत्येक विवेकनिष्ठ..." इथं तिला ठसका लागला. पाणी प्यायली. "हे वाक्य संपते कोठी?"

"पान उलटलं की."

"बापा! मधात कोणी उतरते का?"

"मावशी, विषय गंभीर आहे."

"हाव ना, गंभीर दिसून राह्यला. पर याच्यात ये म्हणून कोठी म्हटलं?"

मी शोधलं. नव्हतं. दोन पानांत मी व्यवस्थेला आव्हान दिलं होतं, विश्वस्तांना इशारा दिला होता, इतिहासाला साक्षी ठेवलं होतं. 'या' असं कोणालाच म्हटलं नव्हतं.

"अन् हा क्लास म्हणजे तोच ना, 'गणिताची भीती घालवा'वाला?" मावशी म्हणाली. "त्याचं बी मीच बोलली हावो."

मी उठून उभा राहिलो. "म्हणजे तुम्ही शत्रूच्याही भोंग्यात आहात?"

"बस खाली, पत्रकराव." त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. "मी चांदूर बाजारले सासूचंबी गाऱ्हाणं आयकत होती अन् सुनेचंबी. पोट्टे तं दोघींचे एकच होते. तुले बोलाचं हाय का भांडाचं हाय, ते सांग."

मला दोन्ही करायचं होतं. पण दिवस कमी होते, म्हणून बसलो.

*

मावशीची परीक्षा घ्यायची एक रीत होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे उघडायची. गल्लीच्या एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला कडुलिंब. मजकूर तयार झाला की अस्लमभाई ऑटो नळापासून लिंबापर्यंत नेत, भोंगा चालू ठेवून. मावशी तेवढ्या वेळात भाकरी थापायची. मुद्दाम. "लोकं कान लावून बसत नाहीत बापा. कोणी कपडे धुते, कोणी पोट्ट्याले झोडपून राह्यलं असते. नळापासून लिंबापर्यंत जे आयकू आलं ते आपलं. लिंबाच्या पुढचं पेट्रोलात गेलं."

आणि मग खरी परीक्षा. ऑटो गेला की ती समोरच्या सिंधूबाईंना विचारायची, "काय म्हणे वो तो?" सिंधूबाई जे सांगतील तो निकाल. सिंधूबाईंना या गोष्टीची काही कल्पना नव्हती. भोंग्यातली बाई म्हणजे समोरची प्रमिला हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मावशीनं कधी सांगितलं नाही. परीक्षकाला पेपर कोणी लिहिला ते कळू नये, असं तिचं म्हणणं.

माझा पहिला मजकूर, पुष्कळ कापून, गल्लीतून गेला. मावशीनं खिडकीतून विचारलं. सिंधूबाई हळहळून म्हणाल्या, "मोठ्या माणसाची मयत दिसते वो. लय जड बोलून राह्यले होते."

दुसऱ्या मजकुरातून मी 'आक्रमण' काढलं, पण 'सांस्कृतिक' हट्टानं ठेवलं. सिंधूबाई: "नाचगाण्याचा कार्यक्रम हाय कोठीतरी."

तिसऱ्या वेळी मी हट्ट सोडला आणि रुसलो. "मग तुम्हीच बोला काय ते."

"रुसू नोको. तू वाक्य आण, मी त्याचे काटे काढतो. मासोळी तुहीच हाय."

मी सांगत गेलो, ती म्हणून पाहत गेली, अस्लमभाई मध्येच "ये नै जमता मावशी" म्हणत राहिले. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की एकच वाक्य तिघांच्या तोंडून फिरलं की झिजून गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं. पण हे तेव्हा कबूल करणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी तोंड फुगवून बसलो होतो. शेवटी मावशी आलमारीत शिरली. "राजापेठच्या वाचनालयात या. पंख्याखाली बसा. आजच या..." वगैरे. आतून टक् टक् झालं. ऑटो नळावरून निघाला, लिंबाशी पोचला. सिंधूबाई म्हणाल्या, "राजापेठच्या वाचनालयात बोलावलं हाय. पंखा हाय म्हणे."

पास! अस्लमभाईंनी मला मिठी मारली. शुक्रवारी सकाळी ऑटो अख्ख्या राजापेठेत फिरला.

शुक्रवारी दुपारी वाचनालयाच्या दारात तीसेक बाया आल्या. माझा ऊर भरून आला. जनता जागी झाली होती, तीही स्त्रीवर्ग. मी पुढे होऊन "या, या" म्हणालो.

"साड्या कोठी हायेत?" पहिलीनं विचारलं.

"काय?"

"माल मोजकाच हाय म्हणे ना. काढा लवकर. मी मॅचिंगसाठी ब्लाउजपीस घेऊन आली."

झालं होतं असं. वर्षानुवर्षं मावशी साड्यांच्या सेलच्या जाहिराती बोलत आली होती. 'आजच या' म्हटलं की तिची जीभ आपोआप पुढे जायची: "माल मोजकाच शिल्लक आहे!" तसंच वाचनालयाच्या शेवटीही गेलं होतं. आणि ते आम्हा तिघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण अस्लमभाईंच्या कानाला ते रोजचंच, मला गोधड्यांआडून नीट ऐकू आलं नव्हतं, आणि गल्लीत ते वाक्य लिंबाच्या पुढे येत होतं. लिंबाच्या पुढचं आम्ही कधी ऐकतच नव्हतो.

बाया आत शिरल्या. एकीनं कपाट उघडलं. दुसरी ज्ञानकोशाचा खंड उचलून "याच्या मांगं हाय का?" म्हणून पाहू लागली. मी टेबलावर चढलो आणि माझ्या आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, "बाई, इथं विकायला काही नाही!"

ज्ञानकोशवालीनं खंड खाली ठेवला.

दारात मावशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. तीन दिवसांत माझ्या कोणत्याही वाक्याकडे तिनं असं पाहिलं नव्हतं.

"पुन्हा बोल बरं," ती म्हणाली.

पण मी आता टेबलावर होतो, आणि टेबलावर चढलेला माणूस थांबत नाही. "ही फसवणूक आहे मावशी! माणसं जमवायची म्हणून खोटं बोलायचं? मग आपल्यात आणि त्या टक्केवाल्यांत फरक काय? अशी शंभर नावं मला नकोत. गेला हॉल तर गेला!"

अस्लमभाई कुजबुजले, "भैया, उतरो. तीस लोगां आले ना, नाव लिख डालो. कोन पूछ रहा?"

मला वाटलं मावशी आता काहीतरी टोमणा मारेल. ती म्हणाली, "खरं हाय याचं. मी चुकली." मग बायांकडे वळली. "अवो, उन्हाच्या आल्या तुमी. बसा, पाणी प्या. साडी नाही, माही चूक हाय. मीच ती भोंग्यातली." बायांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "जाच्या त्या जा. पंखा चालू हाय, बसाच्या त्या बसा."

अर्ध्याअधिक बडबडत गेल्या. दहाबारा बसल्या, कारण बाहेर ऊन होतं. ब्लाउजपीसवाली पाककृतींच्या पुस्तकात शिरली ती उठेचना.

"चाल," मावशी मला म्हणाली. "आलमारीत."

*

त्या शनिवारी राजापेठेनं जे ऐकलं ते याआधी कोणत्याच भोंग्यातून ऐकलं नव्हतं. भोंगे ओरडतात, बोलावतात, धमकावतात. भोंगा चुकलो म्हणत नाही. हा म्हणाला:

"आयका वो. मी कालची भोंग्यातली बाई. काल मी म्हटलं माल शिल्लक हाय. ते खोटं होतं. माफ करा. इथं विकायला काही नाही. इथं पुस्तकं हायेत, पंखा हाय, बसायले जागा हाय. उद्या पाचपर्यंत शंभर नावं झाली नाहीत तं दार बंद होते. येजा. नाव लिहजा."

लिंबाच्या आत बसलं. पण या वेळी मावशीनं अस्लमभाईंना लिंबाच्या पुढे, पार मंदिरापर्यंत पाठवलं आणि मी मागून चालत शेवटचा शब्द ऐकून आलो.

सिंधूबाई न विचारताच खिडकीत आल्या. "आयकलं का वो प्रमिलाबाई? भोंग्यातली बाई माफी मांगून राह्यली! इथं विकायला काही नाही म्हणे." त्यांनी अख्खा मजकूर म्हणून दाखवला, एकही शब्द न गाळता. "मी जाऊन येतो उद्या. पायतो तरी, कशी बाई हाय ते." मग खिडकीतून वाकून, "आवाज तुमच्यासारखाच होता हो. पर तुमी कायले माफी मांगान?"

आलमारीत बसून बोलताना मावशीनं 'इथं विकायला काही नाही' वर तीनदा एक टक् केलं होतं. तिसऱ्यांदा बाहेर डोकं काढून मला म्हणाली, "पत्रकराव, हे वाक्य तुहं हाय. ओरडल्यावानी नाही, सांगितल्यावानी बोलाव लागते. तू हजार कागदं छापले, अन् खरं वाक्य टेबलावर सापडलं." तीच मला लेखक म्हणून मिळालेली पहिली पावती. आजवरची सगळ्यात मोठीही.

रविवारी बाया आल्या, त्यांच्यामागे नवरे आले, माफी मागणारी बाई पाहायला कॉलेजची मुलं आली. सिंधूबाई आल्या, मावशीला पाहून कपाळावर हात मारला आणि नाव लिहिलं. मी आग्रह धरून मयतांची नावं कमी करायला लावली, तेव्हा अस्लमभाईंनी आकाशाकडे हात केले. "या अल्ला, ये पोट्टा मरवायेगा." पाचला दहा मिनिटं असताना अठ्ठ्याण्णव झाले. अस्लमभाई नव्व्याण्णवावे. विश्वस्तांचे अध्यक्ष घड्याळ बघत होते.

बाहेरून मावशीचाच आवाज आला: "भाव एकच, घासाघीस नाही!" मावशी रस्त्यात गेली आणि गज्जूला हाताला धरून आत घेऊन आली.

"मले वाचता कोठी येते मावशी?" गज्जू मागे सरकत होता.

"तुले बोलता तरी कोठी येते? ते बी मीच करून देतो ना? लिहि नाव!"

गज्जूनं सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून नाव लिहिलं. अध्यक्षांनी वही दोनदा तपासली, आणि शेवटी म्हणाले, "झाले शंभर." मग मावशीकडे पाहून, "तुमचं नाव दिसत नाही यात."

मावशी हसली. "मले कोणी या म्हटलंच नाही."

मी म्हणालो, "या." एकच शब्द. ती एकशे एकावी.

*

वर्षभरानं पुन्हा शंभर नावं दाखवायची वेळ आली, तेव्हा मावशी अकोल्याला मुलीकडे होती. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बोलणं बंद सांगितलं होतं. आवाज परत येईल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. जुनं रेकॉर्डिंग वापरता येत नव्हतं. न केलेल्या चुकीची माफी कशी मागायची? मी मजकूर लिहून अकोल्याची बस धरली. चार ओळी होत्या. वर्षात मी एवढं शिकलो होतो.

मावशी वाळली होती. हातात पाटी. माझा कागद वाचून तिनं दोन ओळींवर काट मारली, तिसरीतला एक शब्द पुसला, आणि पाटीवर लिहिलं: 'बोल.'

"मी? मावशी, मी भोंग्यात? माझा आवाज म्हणजे..."

तिनं खोलीतली आलमारी उघडली, मुलीची. दारांवर आपल्या हातांनी गोधड्या टाकल्या. स्टूल सरकवलं. मी आत शिरलो. डांबरगोळ्यांचा वास, चेहऱ्यावर साड्या, हातात मोबाइल. दाराच्या फटीतून मला ती दिसत होती: खिडकीशी उभी, पाठ माझ्याकडे, कान माझ्याकडे. एक हात वर, मनातला ऑटो लिंबाशी पोचला की खाली करायचा म्हणून, दुसऱ्या हाताचं बोट खिडकीच्या चौकटीवर.

मी बोललो. "इथं विकायला काही नाही..."

टक्.

पुन्हा बोललो, हळू. टक्. पुन्हा, ओरडल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं. ती आलमारीशी आली. तिचं बोट दाराच्या कडेशी दिसलं.

टक्.

मी दुसऱ्या टक् ची वाट पाहिली. आलं नाही. मग मी श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.